‘चालत नाही’ म्हणायला बंदी

इलेक्ट्रॉनिक बोर्ड शिकवणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक जळालेले बोर्ड आणि दुसरे किस्से. जळालेले बोर्ड मी अधूनमधून भंगारात देऊन टाकतो. किस्से कोणी भंगारवाला घेत नाही, म्हणून ते तुमच्या गळ्यात मारतोय!

बरीच वर्षं पुण्यात नोकरी केली आणि मग सोलापूरला परत येऊन पूर्व भागात एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. तिथे एम्बेडेड प्रोग्रामिंगचा क्लास चालवतो. एम्बेडेड म्हणजे काय, हे मला लग्नकार्यात नेहमी विचारतात. मी सांगतो, आपला प्रोग्राम कॉम्प्युटरवर नाही, यंत्राच्या पोटात बसतो. लिफ्ट, वॉशिंग मशीन, स्कूटरचा मीटर, सगळ्यांच्या पोटात एक छोटी चिप असते आणि तिला अक्कल देणं हा आमचा धंदा. क्लासमध्ये फळा नावापुरता आहे. पहिल्याच दिवशी हातात बोर्ड, सोल्डरिंग आयर्न, आणि काम सुरू!

हे किस्से ज्या बॅचचे, त्यात तिघं लक्षात राहण्यासारखी होती. मोहोळचा अक्षय, ज्याला सगळं कालच व्हायला हवं असतं. इथल्याच विणकर घरातला श्रीनिवास, जो बोलतो कमी आणि ऐकतो जास्त. आणि मंद्रूपची महादेवी.

महादेवी इंजिनिअर झालेली. माझ्याच आधीच्या बॅचमधून पुण्याच्या एका कंपनीची टेस्ट द्यायला बसली आणि नापास झाली. बाकीची नापास झालेली पोरं घरी गेली. ही पुढच्या बॅचच्या पहिल्या दिवशी पहिल्या बाकावर हजर! म्हणाली, “सर, मी परत बसणार हाय. पहिल्यापासनं.” गावातल्या शाळेत तिला शिक्षिकेची जागा तयार होती आणि घरचे रोज ‘हो म्हण’ म्हणून मागे लागले होते. तिने त्यांच्याकडून एवढंच मागून घेतलं होतं, की अजून एकदा टेस्ट होऊ द्या. मग तुम्ही म्हणाल तसं.

*

आमच्या क्लासात ‘चालत नाही’ म्हणायला बंदी आहे. काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे तिन्ही सांगायचं. तरी कोणी म्हणालंच, तर त्याला खाली घरमालक अण्णांकडे पाठवतो. अण्णा दुपारभर जिन्यापाशी खुर्ची टाकून बसलेले असतात. त्यांना आपला प्रोग्राम पहिल्या ओळीपासून समजावून सांगायचा, हीच शिक्षा. अण्णांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. ते फक्त “मग?” म्हणतात.

अक्षय पहिल्याच आठवड्यात उभा राहिला. “सर, चालंना.”

“जा खाली!”

गेला. वरून आम्हाला सगळं ऐकू येत होतं. “अण्णा, हितं मी बटण वाचतो.” “मग?” “मग ते एका डब्यात ठेवतो.” “मग?” “मग तो डबा तिकडं...” मग दोन-दोन पायऱ्या गाळत पोरगा वर आला आणि चूक दुरुस्त करून बसला. डबा भरला होता, पण पुढे पाठवलाच नव्हता.

संध्याकाळी मी अण्णांना म्हटलं, “तुमचे उपकार झाले.”

अण्णा वैतागलेले. “कसले उपकार? पोरगं निम्म्यात उटून पळालं. त्या डब्याचं पुढं काय झालं, सांगितलंच न्हाय की!”

*

श्रीनिवासचं काम एकदम नीटनेटकं. दिवा अर्ध्या सेकंदाला लागायचा, अर्ध्या सेकंदाला विझायचा, असं काम दिलं होतं. इतरांचे दिवे कुठे भरभर, कुठे रेंगाळत. श्रीनिवासचा मात्र बरोबर. मी पाठ थोपटली आणि पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी त्याला म्हटलं, आता दिव्याचा वेग दुप्पट कर. तो बोर्डाकडे बघत बसला. थोड्या वेळाने पुन्हा गेलो, तरी बोर्डाला हात लावलेला नाही. हा पोरगा हात बांधून बसणाऱ्यातला नाही, त्यामुळे मला काळजी वाटली. बरं नाही का, म्हणून विचारलं.

“तसं न्हाय सर. आज टायमर तपासता येत न्हाय.”

“का?”

“आज सुट्टी हाय. मागचा कारखाना बंद हाय.”

मग डोक्यात प्रकाश पडला! आमच्या मागच्या गल्लीत यंत्रमागांचा कारखाना आहे आणि त्याची खटखट दिवसभर क्लासात येते. जन्मापासून तो आवाज कानात घेऊन वाढलेल्या या पोराने चिपच्या घड्याळाचा हिशोब केलाच नव्हता. मागाचा ठोका आणि दिव्याची उघडझाप जुळेपर्यंत आकडे बदलत बसला होता. त्या दिवशी त्याच्याकडून सगळा हिशोब कागदावर करून घेतला. त्यानेही तो पूर्ण झाल्याशिवाय जेवणाचा डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी कारखाना सुरू झाला. श्रीनिवासने दिवा लावला, कान दिला आणि गंभीरपणे म्हणाला, “सर, माझं बरोबर हाय. माग जरा हळू चाललाय.”

*

उन्हाळ्यात आमच्याकडे एका बोर्डाने सगळ्यांना वेड लावलं. महादेवीचा बोर्ड. सकाळभर व्यवस्थित आणि दुपारी मध्येच स्वतःहून बंद होऊन पहिल्यापासून सुरू. तिने प्रोग्राम उलटा-पालटा केला. वायरी बदलल्या. चिप बदलली. फरक शून्य. अक्षय म्हणाला, “सोड की, दुसरा बोर्ड घे.” ती म्हणाली, “ह्याच बोर्डाला काय होतंय ते कळल्याबिगर मी उटणार न्हाय.”

आणि खरंच उठली नाही. बोर्डाकडे टक लावून बसली. दोन दुपारींनंतर माझ्याकडे आली आणि दबकत म्हणाली, “सर, राग मानू नका. मॅडम आल्या की बोर्ड रीसेट होतो.”

मॅडम म्हणजे माझी बायको. क्लासचं ऑफिस तीच सांभाळते आणि दुपारी जेवण आटोपून येते. आता हे तिला सांगणार कोण? पण बघितलं ते सांगायचं, हा नियम माझाच. मी बायकोला बोलावलं आणि म्हटलं, “जरा बाहेर जाऊन परत आत ये.”

“का?”

“तू आलीस की बोर्ड बंद पडतो.”

“मी काय भूत आहे का?” असं म्हणत ती बाहेर गेली आणि पाय आपटत आत आली. बोर्ड मजेत चालू! पुन्हा गेली, पुन्हा आली. बोर्ड चालूच. महादेवीचा चेहरा उतरला. तेवढ्यात कोपऱ्यातून श्रीनिवास म्हणाला, “मॅडम, तुमी पहिल्यांदा येता तवा कूलर लावता. आता तो चालूच हाय.”

कूलर बंद करून पुन्हा लावला. बोर्ड आडवा! कूलरच्या मोटरचा धक्का एकाच लाईनवरून थेट बोर्डापर्यंत पोचत होता. सगळे आनंदाने ओरडले. अक्षय लगेच म्हणाला, “मग दुपारी कूलर लावायचा न्हाय!”

त्यावर मॅडमनी जे सांगितलं, तसं स्पष्ट बोलणारं गिऱ्हाईक मला पुण्यातसुद्धा भेटलं नव्हतं. “सोलापूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद राहणार नाही. बोर्ड सुधारा!”

महादेवीने सुधारला. तोही आठवडा संपायच्या आत.

*

एकदा अक्षयचे वडील मोहोळहून सोलापूरच्या मार्केट यार्डात कांदा घेऊन आले होते. जाता-जाता पोरगं काय करतंय ते बघायला क्लासात आले. अक्षयने मोठ्या ऐटीत बोर्ड समोर ठेवला. आठ दिवे एका ओळीत इकडून तिकडे पळत होते.

वडिलांनी बराच वेळ पाहिलं. “एवढं शिकून दिवं लावतोस व्हय?”

“आबा, हे आपोआप पळतात. आनि ह्ये बटण दाबलं की थांबतात.” दाबलं. दिवे पळतच राहिले. पुन्हा दाबलं. काही नाही. दिवे पळवण्यात प्रोग्राम इतका गुंतला होता, की बटणाकडे बघायला त्याला फुरसतच नव्हती. अक्षयच्या कपाळाला घाम. आबांनी शांतपणे वाकून भिंतीतली पिनच उपटली.

“थांबलं की!” असं म्हणून ते चहा न घेता गेले.

त्या दिवशी अक्षय बटण जिंकूनच खोलीवर गेला. दुसऱ्या दिवशी त्याने आबांना व्हिडिओ पाठवला. आबांचं उत्तर आलं, “आता पिन काढायला नगं.” माझ्या मते एवढं मोठं सर्टिफिकेट त्याला कुठल्याच क्लासने दिलं नसतं.

*

चिपमध्ये वॉचडॉग नावाची एक सोय असते. प्रोग्रामने ठरावीक वेळाने ‘मी जागा आहे’ असं कळवायचं. नाही कळवलं, तर प्रोग्राम कुठेतरी अडकलाय असं समजून ती सोय चिपला पहिल्यापासून सुरू करते. हे मी शिकवत होतो, तर महादेवी मध्येच म्हणाली, “सर, ही तर माझी आई हाय!”

तिची आई रोज संध्याकाळी मंद्रूपहून फोन करायची आणि कानडीत एकच प्रश्न विचारायची, “ऊटा आतेन?” म्हणजे, जेवलीस का? फोन उचलला नाही, की भाऊ मोटरसायकल काढून सोलापूरला निघालाच!

पुढे अक्षयचा प्रोग्राम अडकला आणि वॉचडॉगने काहीच केलं नाही. ‘मी जागा आहे’ ही ओळ त्याने अशा जागी ठेवली होती, की मुख्य काम बंद पडलं तरी घड्याळाच्या ठोक्यावर तिची हजेरी आपोआप लागत राहील. महादेवीने बघितलं आणि कपाळाला हात लावला. “अरे, ही तर माझी रूममेट!”

मध्ये महादेवी तापाने पडली होती. आईला कळलं तर घरी नेतील आणि क्लास बुडेल, म्हणून तिने फोन रूममेटच्या हाती दिला होता. रूममेट रोज गोड आवाजात सांगायची, “मावशी, ती अंघोळीला गेलीय, पण जेवलीय पोटभर.” आईचं समाधान. इकडे पोरीच्या पोटात पेजेशिवाय काही नाही.

“मग आईला कळलं की नाही?” मी विचारलं.

“कळलं की, सर. आता आई व्हिडिओ कॉल करती. आनि आदी ताट दाखवाय लावती!”

*

आणि आता तो टेस्टचा दिवस.

पुण्याच्या कंपनीचे साहेब आले. उंच, शांत, चष्मा नाकावर. प्रत्येकाला त्यांनी आपल्या बॅगेतला एकेक बोर्ड दिला. काम साधं होतं. तापमान वाढलं की छोटा पंखा सुरू व्हायला हवा. या साहेबांची एक सवय होती. कोणी उत्तर दिलं, की चष्म्यावरून बघत इंग्रजीत विचारायचे, “आर यू शुअर?” बरोबर उत्तर असलं तरी विचारायचे, चूक असलं तरी विचारायचे. आदल्या वेळी महादेवीचा प्रोग्राम अगदी बरोबर होता. साहेबांनी तीनदा “आर यू शुअर?” विचारलं आणि तिसऱ्या वेळी तिने ‘सॉरी सर’ म्हणत चांगली ओळ खोडून टाकली. त्या ओळीपायी ती वर्षभर परत बसली होती.

टेस्ट चालू असताना मला बोलायची परवानगी नसते. मी दारात उभा होतो. अक्षयचा पंखा फिरला. श्रीनिवासचाही फिरला. महादेवीचा फिरेना.

साहेब तिच्या टेबलापाशी आले. “प्रोग्राम परत बघा.”

महादेवी म्हणाली, “सर, प्रोग्राम बरोबर आहे. बोर्डावर पंख्याकडे जाणारी तांब्याची रेघ कुठंतरी तुटलीय.”

“बोर्ड आम्ही पुण्यात तपासून आणलेत. आर यू शुअर?”

“हो सर.”

साहेब वाकले, स्क्रीनवरचा प्रोग्राम वरपासून खालपर्यंत वाचला. “आर यू शुअर?”

“हो सर.” आवाज थोडा बारीक झाला होता. तिचा हात कीबोर्डवर गेला आणि मी मनातल्या मनात ओरडलो, अगं, खोडू नकोस, खोडू नकोस!

साहेबांनी चष्मा काढला. “आर यू शुअर?”

महादेवीने हात कीबोर्डवरून उचलला आणि टेबलावरचा मीटर साहेबांपुढे सरकवला. साहेबांपुढे सांभाळून धरलेली शुद्ध भाषा सुटली आणि तिची नेहमीची बोली बाहेर आली. म्हणाली, “सर, मी लई वेळा बघितलं. आता तुमी बघा की.”

साहेबांनी मीटरचं एक टोक चिपच्या पायावर टेकवलं, दुसरं पंख्याच्या बाजूला. रेघ अखंड असेल तर मीटर पिप्प करतो. मीटर गप्प. त्यांनी टोकं दाबून धरली. गप्प. जागा बदलून पाहिली. तरी गप्प.

त्यांनी बॅगेतून दुसरा बोर्ड काढला आणि तिच्यासमोर ठेवला. महादेवीने तोच प्रोग्राम, एक अक्षर न बदलता, त्यात भरला. मॅडमनी साहेबांसाठी आणलेला चहाचा गरम ग्लास उचलून तिने सेन्सरला टेकवला. पंखा भर्रकन फिरला! मी दारात उभ्या-उभ्या डोळे पुसले, लपवायच्या भानगडीत पडलो नाही.

साहेब पंख्याकडे बघत राहिले. मग तिच्याकडे वळून म्हणाले, “येत्या सोमवारी पुण्याला जॉइन व्हाल?”

महादेवीने त्यांच्याकडे सरळ बघितलं आणि विचारलं, “आर यू शुअर, सर?”