नवनीत बिल मागतो

कळसाडीच्या नवनीत पाटलाला लोक दोन गोष्टींनी ओळखतात. त्याची केळी चांगली येते, आणि तो न दिसणाऱ्या कणांचं गणित करतो. हे कण सूर्यातून निघतात, आपल्या अंगातून आरपार जातात, कुणाला पत्ता लागत नाही. न्यूट्रिनो म्हणतात त्यांना.

"दिसत नही, लागत नही, मंग तू करस काय त्यासनं?" त्याचे काका प्रेमचंद दर दिवाळीला विचारतात. नवनीत समजावतो. काका हसतात आणि चकली घेतात.

शहाद्याच्या कॉलेजात तो भौतिकशास्त्र शिकवतो. सकाळी केळीला पाणी, दहाला वर्ग, संध्याकाळी कागद-पेन्सिल. प्रयोगशाळा लागत नाही, नुसतं गणित. अशी सहा वर्षं घालून त्याने एक लेख लिहिला. परदेशातल्या मोठ्या नियतकालिकाकडे पाठवला. दोन अनोळखी तज्ज्ञांनी तो तपासला, दोनदा परत पाठवला, तिसऱ्यांदा पास केला.

त्याचा पहिला लेख दहा वर्षांपूर्वीचा. तो छापून आला तेव्हा नवनीत फोन घेऊन म्हसावदला रतिलाल सरांकडे गेला होता. अकरावीला सरांनीच त्याला या विषयाची गोडी लावलेली. सरांनी चष्मा पुसला. लेखाचं नाव दिसलं, नवनीतचं नाव दिसलं, खाली कुलपाचं चित्र दिसलं. वाचायचं तर डॉलर भरा. लेख त्याचाच, आणि त्यालाही उघडेना.

"असू दे. नाव तर दिसलं," सर म्हणाले.

ते 'असू दे' नवनीतला आजवर टोचतं. सर आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. हा लेख त्यांना पहिल्या ओळीपासून वाचता आलाच पाहिजे. म्हणून त्याने कुलूप नसलेलं नियतकालिक निवडलं. अशा ठिकाणी खर्च लेखकाच्या माथी पडतो, हे ऐकून होता. केळीच्या एका काढणीचे पैसे त्याने बाजूला ठेवले आणि बिलाची वाट पाहत बसला.

बिल आलंच नाही. संपादकांची मेल आली. लेखकाला काही द्यावं लागत नाही, शुक्रवारपर्यंत छापायला संमती कळवा.

खाली सगळं सांगितलं होतं. पूर्वी जगभरची ग्रंथालयं ही नियतकालिकं विकत घ्यायची. मग चाळीसहून जास्त देश एकत्र आले. हजारो ग्रंथालयांनी तो पैसा एका ठिकाणी टाकायला सुरुवात केली. ज्या देशाचे लेख जास्त, त्याचा वाटा जास्त. ज्या देशांना वाटा देणं जमत नाही, त्यांच्या लेखकांचीही त्यात सोय. लेख छापणं त्यातूनच, आणि वाचणं सगळ्या जगाला मोकळं.

नवनीतचं तोंड उतरलं. म्हणजे आपली सोय केली कुणीतरी. गावच्या भंडाऱ्याला पाटलांच्या घरचा गहू गेल्याशिवाय या घरातलं कुणी पानावर बसत नाही. त्याने नकाराची मेल लिहून ठेवली.

बायकोने, काजलने, ती त्याच्या खांद्यावरून वाचली.

"सहा वरीस डोकं खपाडं आनि आते नही म्हनतस? तुमनी ऐटनं काय लोणचं घालू?"

"फुकटचं नको मला."

"आनि सरले काय दखाडशात? पुन्हा कुलूप?"

ओट्यावर शेंगा निवडत त्याची आई सिंधुबाई सगळं ऐकत होती.

"नवनीत, भंडाराले ज्याना घरमा दाना नही, तो काय करस?"

"पाणी भरतो. वाढतो."

"मंग त्याले कोन्ही उठाडस का पानवरथून?"

"नाही."

"तू कोन लागी गया इतला मोठा? त्यासले इचार, मन्हं काम सांगा म्हनावं."

नवनीतने नकार पुसला. दुसरी मेल लिहिली. पैसे घेत नसाल तर माझा वाटा मी कसा देऊ?

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. संपादकांनी लिहिलं होतं, "बावीस वर्षांत बिल मागणारा लेखक मला पहिल्यांदाच भेटला. तुमच्या विषयातलं एक हस्तलिखित माझ्याकडे दोन महिने पडून आहे. तपासायला माणूस मिळत नाही. तुम्ही तपासाल का? त्याचे पैसे मात्र मिळत नाहीत."

नवनीत एकटाच मोठ्याने हसला. आईला मराठीत सांगितलं.

"म्हंजे तुले वाढाले उभं करं त्यासनी," ती म्हणाली. "जाय, नीट वाढजो."

त्याने संमती पाठवली. ते हस्तलिखित तीन आठवडे तपासलं. त्यात एक चूक सापडली तेव्हा त्याला स्वतःचा लेख पास झाला त्यापेक्षा जास्त आनंद झाला. त्या अनोळखी माणसाला त्याने दीड पान समजावून लिहिलं, अकरावीच्या पोराला सांगावं तसं.

महिन्याभराने त्याचा लेख निघाला. त्याने त्याची लिंक रात्रीच सरांच्या फोनवर पाठवून दिली. सकाळी सातला तो केळीत पाणी देत उभा असताना फोन वाजला.

"उघडी गयं रे!" वर्गात शुद्ध मराठीशिवाय न बोलणारे सर ओरडत होते. "कुलूप नही, काही नही! पाच वेळा बंद करून पुन्हा उघडलं मी."

"वाचलं का सर?"

"तीन पानं झाली. चौथ्यावर अडलोय. तू मधली एक पायरी गाळलीस."

"सर, ती सोपी आहे."

"तुला सोपी. इकडे ये आणि पाटीवर करून दाखव."

नवनीत तसाच निघाला, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन. आई चहा पी म्हणून हाका मारत राहिली. मोटारसायकल फाट्याच्या पुढे गेली तरी विहिरीवरचा पंप चालूच होता. तो काजलने बंद केला.