हेडखालची अक्षत

सानगडीच्या गोपाळरावांची बुलेट आधी ऐकू यायची, मग तिचा धूर यायचा आणि गोपाळराव सगळ्यांत शेवटी दिसायचे. घरात पिढीजात लुगड्यांचा धंदा. वडील याच गाडीवर गठ्ठे बांधून गावोगावचे बाजार करायचे. पुढे हातमाग विकले गेले, दुकानात सुरतच्या साड्या आल्या, पण गाडी काही गेली नाही. त्यांची बायको दुर्गाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "मले लुगडं आणाले इसरतेत, गाडीले मऊ फडकं बरोबर आणतेत."

यंदा उन्हाळ्यात ती लाडकी गळायला लागली. अंगणात तेलाचे डाग, चढावर दम जायचा आणि इंजिनातून फुस्स फुस्स आवाज, जणू कोणी दबून हसतंय. गोपाळरावांनी आधी स्वतःच पाना घेऊन दिसेल तो नट आवळला. डाग आणखी मोठा झाला. मग गाडी गेली बसस्टँडजवळच्या जीवन रामटेकेच्या गॅरेजात.

जीवनने इंजिन पेट्रोलने धुतलं, कोरडं केलं, त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरली आणि किक मारली. थोड्याच वेळात पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ उतरली, बरोबर इंजिनाचं डोकं, म्हणजे हेड, आणि सिलिंडर यांच्या सांध्यातून.

"काकाजी, हेड गॅसकेट गेलं. या दोघांच्या मधात पातळ चकती राह्यते. आतला भडका आतच ठेवते ते."

हेड निघालं. दोन्ही तोंडं घासून, पुसून, काचेवर सपाटी पाहून झाली. नवं गॅसकेट सिलिंडरवर ठेवलं. वडिलांच्या गाडीचं पोट असं उघडं पडलेलं गोपाळरावांना पाहवेना. त्यांच्या घरात मागावर नवा ताणा चढला की हळदकुंकू आणि अक्षता पडल्याशिवाय पहिला धोटा फिरत नसे. इंजिनही शेवटी मागच की! त्यांनी खिशातून पुडी काढली.

जीवनच्या घरात हे सगळं त्याच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच सुटलेलं. तो हसून म्हणाला, "करा काकाजी तुमचं. मी तवरिक चहा सांगून येतो."

पूजा झाली. पण गॅसकेटवर पिवळे तांदूळ पसरलेले पाहून गोपाळरावच चपापले. पोट्टा रागावेल म्हणून त्यांनी गॅसकेट जरासं उचललं आणि रुमालाने सगळं झटकलं. सगळं म्हणजे, त्यांच्या मते सगळं. चहा पिऊन जीवनने हेड बसवलं, नट आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले.

आठवडा गेला नाही तोच अंगणात पुन्हा डाग.

बाजाराचा दिवस होता. भय्याजीच्या पानठेल्यावर दहा माणसं उभी. गोपाळराव तिथे सुरू झाले, "जुनंच गॅसकेट धुवून लावलं त्या पोट्ट्यानं!"

"जीवन तसा नाई ना जी," भय्याजी म्हणाला.

मागे घेता येईना, तेव्हा माणूस पुढेच जातो. गोपाळराव म्हणाले, "ज्याच्या घरात देवाले हात जोडत नाई, त्याच्या हाताले यश कुठून येईन?"

 ठेल्याच्या पलीकडच्या बाजूला जीवनच पन्नीत तंबाखूचा खर्रा घोटत उभा होता. त्याने पन्नी खिशात टाकली आणि तो निघून गेला.

आता पुरावा दाखवायलाच हवा होता. दुसऱ्या दिवशी गोपाळरावांनी अंगणात स्वतः हेड उतरवलं. दुर्गाबाई नटांसाठी परात धरून बसल्या. गॅसकेट नवंकोरं होतं. फक्त एका जागी खालून काळी वाट पडली होती, आणि त्या वाटेच्या तोंडाशी एक चेपलेला दाणा. भडक्याच्या बाजूने जळून कोळसा, बाहेरच्या बाजूने हळदीचा पिवळा.

दुर्गाबाईंनी तो नखाने उचलला. "अवो, हा तं आपल्या देवघरातला तांदूळ." मग जरा थांबून म्हणाल्या, "यश कुठून येईन म्हणत होते ना? हे पाहा, इथं अडकलं होतं."

बाजारातलं बोलणं त्यांच्यापर्यंत आधीच पोचलं होतं तर. गोपाळरावांचे कान तापले. एक फुंकर मारली असती तर दाणा गेला असता, दुर्गाबाई काही गावभर सांगत बसल्या नसत्या. त्यांनी ओठ पुढे केलेही. पण बायको बघत होती. त्यांनी दाणा रुमालात बांधला. तोच रुमाल.

भर दुपारी हेड पिशवीत आणि बिनडोक्याची बुलेट ढकलत गोपाळराव गावातून निघाले. घामापेक्षा नजरा जास्त चिकटत होत्या.

जीवनने दाणा पाहिला, गॅसकेट पाहिलं.

"तांदूळ तं निघाला, काकाजी. तुमी बोलले ते कसं काढू? माही माय त्या दिवशी ठेल्यामांगंच भाजी घेऊन राह्यली होती. तिनं ऐकलं."

वच्छलाबाई. तिच्या लेकीच्या लग्नात तिला गोपाळरावांनीच लुगडं दिलं होतं, आणि ती त्यांना भाऊ म्हणायची.  ते तसेच वळले आणि पानठेल्यावर गेले.

"भय्याजी," ते पुटपुटले, "जीवनचं काम बराबर होतं. तांदूळ माह्या हातानं पडला."

"जोरात बोला जी! त्या दिवशी तं यस्टीच्या ड्रायव्हरलेही ऐकू गेलं होतं."

लोक हसले. गोपाळरावांनी आवाज चढवला, तो मधेच फाटला. "गाडी मी बिघडवली. अन् देवाचं जे बोललो, ते माह्या तोंडाची घाण होती. जीवनच्या हातात खोट नाई."

यावर मात्र कोणी हसलं नाही. ते त्यांना जास्त जड गेलं.

परत आले तेव्हा जीवनने नवं गॅसकेट काढून ठेवलं होतं. मान वर न करता त्याने विचारलं, "पूजा करता का काकाजी?"

"नाई रे. तू बसव. मी चहा सांगून येतो."

आता बुलेटखाली थेंब पडत नाही. चढावर ती पहिल्यासारखी भडभडत जाते. पण समोरून वच्छलाबाई येताना दिसली की गोपाळराव इंजिन बंद करतात, गाडीवरून उतरतात आणि ती पुढे जाईपर्यंत हँडल धरून खाली बघत उभे राहतात. ती अजून "भाऊ" म्हणालेली नाही.