थोरल्या काकांना मी राखीव बसवले

लेखणी हाती धरण्याचा मला अधिकार नाही, याची वाचकांनी प्रथमच नोंद घ्यावी आणि उदार मनाने क्षमा करावी. सत्तावीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवताना मी जे काही लिहिले, ते इतरांच्या वह्यांत आणि लाल शाईने. शिवाय विषय फुटबॉलचा आहे, आणि हा खेळ मी आयुष्यात एकदाही पायाने खेळले नाही.

चतुर्थीला आठ दिवस उरले असताना माझे धाकटे दीर, सुहासभावोजी, मुंबईहून मालवणला आले. येताना त्यांनी फुटबॉलच्या नव्या खेळाची सीडी आणली आणि आमच्या माजघरातल्या संगणकात घातली. "वैनी, बघ तरी खेळान!" एवढे बोलून ते मखराच्या कामाला निघून गेले.

दुपारची जेवणे उरकली होती. सारे घर पेंगत होते. मी भीत भीत एक कळ दाबली, आणि समोर मैदान उघडले. असे हिरवे मी भाताच्या कोवळ्या रोपांच्या तरव्यातही पाहिले नव्हते! अर्ध्या मैदानावर प्रेक्षकांच्या सज्जाची सावली पडलेली, दूर कुठे लाटांसारखी गर्दीची गाज, आणि चेंडू वर गेला की खाली यायचे त्याला भानच नसे. मी कळांवरून हात काढून त्याच्याकडे पाहत राही. (तेवढ्यात प्रतिपक्ष गोल करी. त्यांचाही आनंद मला पाहवत असे.) चेंडू मिळाला, की मी माझ्या खेळाडूंना सावलीकडे घेऊन जाई. गोल उन्हात होता.

तीन दुपारी अशा स्वप्नात गेल्या. मग मला संकोच वाटू लागला. अकरा परक्या पुरुषांना मी रोज पळवत होते, आणि त्यांची नावेही मला धड उच्चारता येत नव्हती! खेळात नावे बदलण्याची सोय होती. मी एकेक करून आमच्या भावकीतल्या पुरुषांची नावे घातली. मामंजी मधोमध आले. तिथल्या खेळाडूकडे आधीपासूनच कप्तानपद होते. त्यात माझा काही हात नव्हता. मामंजींचे थोरले बंधू, म्हणजे थोरले काका, एकाहत्तर वर्षांचे. एवढ्या उन्हात त्यांना नव्वद मिनिटे धाववायचे? माझ्याने ते होईना. मी त्यांना आदरपूर्वक राखीव खेळाडूंत बसवले.

इथे एक घरगुती गोष्ट सांगणे भाग आहे. पहिल्या आरतीचे ताट कोणी धरायचे, या मानावरून मामंजींशी बिनसल्याने थोरले काका नऊ वर्षे आमच्या गणपतीला आले नव्हते. तो सर्वांचा गणपती. पण काकांचे घर दोन कुंपणांपलीकडे राहून घंटा ऐकत असे. या वर्षी सासूबाईंनी हातापाया पडून त्यांना यायला राजी केले होते.

आणि चतुर्थीच्या आदल्या दुपारी, माटवीला (गणपतीवरच्या रानफळांच्या छताला) बांधायची कवंडळे घेऊन काका नेमके माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले!

"सुनबाय, ह्या काय?"

"खेळ आहे, काका. आपलीच सगळी माणसे आहेत त्यात."

काकांची हयात बोटीवरच्या नोकरीत गेलेली. इंग्रजी अक्षरे ते घडाघडा वाचत. त्यांनी चष्मा लावला. "बाबलो... कप्तान." (बाबलो म्हणजे मामंजी.) "बरां. आणि मी खंय आसंय?"

मी यादी खाली सरकवली. आणखी खाली सरकवली. "हे इथे. राखीव."

"राखीव म्हणजे?"

"म्हणजे... मामंजी दमले, की तुम्हांला बोलावतील."

(या उत्तराबद्दल मी स्वतःला शंभरपैकी शून्य गुण दिले आहेत.)

"बाबलो दमापर्यंत मी बाकड्यार बसान रवतलंय?" कवंडळे जमिनीवर आली. "आधी आरतीचो मान गेलो, आता ह्यो!" काका पडवीत जाऊन चपला शोधू लागले.

मामंजी धावत आले. "काय झाला, दादा?"

"तूच सांगितलंस तिका!"

"मी? माका त्या मशिनीक हात लावची भीती वाटता!"

"वैनी, काकांका आधी कप्तान कर!" सुहासभावोजी मखरावरून ओरडले.

मी लगोलग काकांना कप्तान केले, सर्वांच्या पुढे उभे केले आणि मैदानात आणले. काका एक चप्पल पायात ठेवूनच खुर्चीवर बसले. अख्खे घर मागे जमले. पडद्यावरचे काका साडेसहा फूट उंच, सोनेरी केसांचे!

"बोटीर होतंय तेव्हा माझे केस असेच होते," काका म्हणाले.

"कधी रे?" मामंजींच्या तोंडून निसटले. सासूबाईंनी त्यांना कोपराने ढोसले.

"घे गो माका पुढे!" काकांनी हुकूम सोडला.

एवढ्या माणसांपुढे मी आजवर कधी बोललेसुद्धा नव्हते, खेळणे दूरच. घाबरून मी जी कळ दाबली, ती चेंडू मारण्याची नव्हती. थोरले काका दोन्ही पाय पुढे करून गवतावरून घसरत गेले आणि एका निरपराध तरुणाला त्यांनी पाठीमागून आडवे केले! शिट्टी वाजली. पंचाने लाल कार्ड काढले.

काकांनी सावकाश चष्मा काढला. "माका... भायर काढल्यान?"

आणि मामंजी पुढे झाले. नऊ वर्षांत ज्यांनी भावाच्या बाजूने एक शब्द उच्चारला नव्हता, ते पडद्यावर बोट रोखून गरजले, "दादाचो पाय चेंडूकच लागलो! शिरा पडो त्या पंचाच्या तोंडार!"

(तोच प्रसंग पडद्यावर पुन्हा संथपणे दाखवला जात होता. चेंडू काकांच्या पायापासून चांगला चार हात दूर होता.)

"बाबल्या, तू बघलंस मां?"

"बघलंय तर!"

काकांनी दुसरी चप्पल शोधली नाही. पायातली होती तीही काढली. सारी भावकी त्या पंचावर तुटून पडली, आणि आम्ही सहा गोलांनी हरलो हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या आरतीचे ताट मामंजींनी स्वतः काकांच्या हाती दिले. धुपाच्या धुरात ते दोघे भाऊ मला त्या मैदानावरच्यासारखेच तरंगताना दिसले.

मोदक झाल्यावर काका खुर्ची ओढून संगणकापुढे बसले. "सुनबाय, लाव ती मॅच."

मी लावली. काकांच्या नावापुढे लाल खूण होती: पुढच्या सामन्यास बंदी! ती उठायला एक पूर्ण सामना त्यांना वगळून खेळणे भाग होते, आणि काका तर समोरून हलायला तयार नव्हते. मी घाईघाईने पडदा बंद केला आणि अत्यंत विनयाने म्हणाले, "काका, वीज गेली." पंखा आमच्या डोक्यावर गरगर फिरत होता. काकांनी एकदा पंख्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि "येतली, येतली" म्हणत ते तिथेच ठाण मांडून बसले.

वाचकहो, तुम्ही माझ्या जागी असता, तर त्यांना काय सांगितले असते?