काढता येणारं कुंपण

आता तुम्ही विचारताच आहात तर सांगतो, पण हसायचं नाही हां! म्हणजे हसा, पण चहा सांडू नका. माणूस आपल्या हातानं आपली किती वाट लावू शकतो, त्याचा नमुना तुमच्यासमोर बसलाय.

आम्ही तेव्हा वर्सोव्याला राहायचो. ऐंशीचं दशक, तळमजल्यावरची जागा, आणि बिल्डिंगच्या मागे कोळीवाडा. थंडीत तिकडे बोंबील वाळत घातलेले असायचे. वारा तिकडून आला की अख्खी बिल्डिंग खिडक्या लावून घ्यायची. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आमच्या मागच्या दारापाशी थोडी वाळूची जमीन होती. तिथे माझ्या बायकोनं, नलूनं, समुद्रमेथी पेरली होती. ती बोटभर उंचीची, वाळूत उगवणारी, नाजूक मेथी हो! का पेरली? तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून द्यायला.

आता वाण म्हणजे बायकांची काय चीज असते, तुम्हाला ठाऊकच आहे. आदल्या वर्षी पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी स्टीलची वाटी दिली होती. सगळी बिल्डिंग गार! नलूनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "यंदा मी घरची मेथीची जुडी देणार."

काकू म्हणाल्या, "मेथी? वाणात? अगं, रविवारच्या बाजाराला बोलावतेयस की हळदीकुंकवाला?"

बायका फिदीफिदी हसल्या. नलू घरी आली, जेवली नाही. म्हणाली, "अहो, ही मेथी नीट आली नाही ना, तर मी या बिल्डिंगमध्ये तोंड दाखवणार नाही."

आणि दुसऱ्याच दिवशी कोळीवाड्यातल्या कोंबड्या येऊन वाफ्याचा एक कोपरा उकरून गेल्या! नलूच्या डोळ्यांत पाणी. मी छाती पुढे काढून म्हटलं, "रडतेस काय? मी कुंपण घालतो!"

लगेच आमचे सेक्रेटरी राणे हजर. "कुंपण-बिंपण चालणार नाही हां! सोसायटीची जागा आहे. कायमचं काही उभं करायचं नाही."

"मग काढता येणारं करतो," मी म्हटलं.

"काढता येणारं म्हणजे?"

"म्हणजे सकाळी लावलं, संध्याकाळी उचललं. तुम्ही सांगाल तेव्हा काढू!"

राणेंनी मान डोलावली. आता मला सांगा, गप्प बसावं की नाही माणसानं? पण मी काय म्हणालो? "आणि टिकाऊ असं करीन की तुमची बिल्डिंग पडेल, पण कुंपण राहील!"

टिकाऊ! या एका शब्दानं माझा घात केला.

आमच्याकडे मासे घेऊन येणारी हिराबाई होती. तिला म्हटलं, "मावशी, जुनं जाळं आहे का?" ती म्हणाली, "ये की रं दादूस किनाऱ्यावर."

गेलो. आणि काय सांगू! तिच्या नवऱ्याची होडी वाळूवर ओढून ठेवलेली, आणि तो होडीला तेल चोपडत होता. एवढी मोठी होडी मी इतक्या जवळून कधी पाहिलीच नव्हती. मान वर करून बघत राहिलो. काळ्याभोर फळ्या, उन्हात चकाकतायत. बाप रे! हा लाकडाचा डोलारा समुद्रात राहतो, खारं पाणी पितो, आणि सडत नाही? मी हात लावून बघितलं. अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत.

"मावशी, हे तेल कसलं?"

"मुशीचं. ह्येच्यानं फली सरत नाय." मुशी म्हणजे शार्क मासा हो! त्याचं तेल. फळी सडत नाही म्हटल्यावर मला दुसरं काही ऐकूच येईना.

डबाभर तेल मागून घेतलं. जाळंही मिळालं, जवळा वाळवायचं जुनं, भरभक्कम. हिराबाई मागून ओरडत होती, "दादूस, जालं आधी चांगलं धू हां! आनि त्या तेलाचा वास..." पण ऐकतोय कोण? माझ्या डोक्यात होडी तरंगत होती!

रविवारी लुंगी लावून कामाला बसलो. बांबूच्या चौकटी केल्या, प्रत्येकीवर जाळं ताणून नायलॉनच्या दोरीनं बांधलं. वाफ्याभोवती जमिनीत लोखंडी पाइपाचे तुकडे ठोकले. चौकटीचे पाय त्या पाइपात सोडायचे, बस्स. उचललं की हातात! मग बांबूला तेल चोपडलं, जाळ्याला चोपडलं, उरलेलं लुंगीला आपोआप लागलं. अहो, काय झकास दिसत होतं! मीच चार पावलं मागे जाऊन बघितलं आणि मलाच माझा आदर वाटला.

अख्ख्या बिल्डिंगला बोलावून दाखवलं. "हे बघा, असं उचलायचं, असं बसवायचं. लहान पोरालासुद्धा जमेल!"

काकूंनी नाकाला पदर लावला. "आज वारा कोळीवाड्याकडून फारच आहे बाई!"

"फारच!" मी म्हटलं. आणि घरात जाऊन मीसुद्धा खिडकी लावली.

सोमवारी सकाळी आरडाओरडा. धावत मागे गेलो, तर काय दृश्य! कुंपणाभोवती मांजरं. गोल करून बसलेली. पांढरी, काळी, ठिपक्यांची, कान तुटलेली. एकही ओरडत नाही, भांडत नाही. सगळ्यांची तोंडं वाफ्याकडे, डोळे अर्धे मिटलेले. वर्सोव्यात एवढी मांजरं आहेत हेच मला माहीत नव्हतं. खरं सांगतो, मीसुद्धा हात जोडले!

काकू तर थरथरत होत्या. "अगं बाई! षष्ठीदेवीचं वाहन मांजर! जागृत जागा आहे ही!"

झालं. दुपारपर्यंत उदबत्त्या आल्या, हळदकुंकू आलं, नारळ फुटला. शेजारच्या बिल्डिंगमधले लोक यायला लागले. काकूंनी माझ्या चौकटीवर डोकं टेकवलं. उठल्या तेव्हा कपाळ चमकत होतं. लोक म्हणाले, "तेज बघा काकूंच्या चेहऱ्यावर!"

आणि मग कोणीतरी म्हणालं, "आत जाऊन फूल वाहायला पाहिजे." कसं जायचं आत? अहो, मीच नव्हतं का शिकवलं? उचलली चौकट! एका मांजरानं आत उडी मारली, मागून दुसरं.

नलू किंचाळली, "अहो, माझी मेथी!" दुसऱ्या दिवशी हळदीकुंकू होतं.

मी घरातून धावत आलो. अंगावर कालचीच लुंगी, दुपारी सवयीनं तीच गुंडाळली होती. मला बघताच सगळी मांजरं उठली. वाफ्यातली बाहेर आली. आणि माझ्या मागे चालायला लागली!

राणेंनी चपला काढल्या.

"नलू, हे काय होतंय गं?" मी विचारलं.

ती माझ्याकडे, लुंगीकडे, मांजरांकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "चालत राहा. थांबू नका. समुद्राकडे जा."

गेलो. मागे मांजरं, मांजरांच्या मागे अख्खी बिल्डिंग. किनाऱ्यावर हिराबाई बोंबील उलटत होती. तिनं माझी मिरवणूक बघितली आणि बसकणच मारली. पोट धरून हसायला लागली. "आयव! दादूस, जालं धुतलंस नाय ना? नि लुंगीला काय मुशी फासलीस?"

तेव्हा, अहो तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला! तसाच लुंगीसकट पाण्यात बसलो. लोकांना वाटलं महाराज समुद्रस्नान करतायत. त्यांनी जयजयकार केला.

ओलाचिंब परत आलो, तर मांजरं पुन्हा कुंपणापाशी, आणि नलू मागच्या दारात बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. मी नसताना तिनं सगळा वाफा उपटून घेतला होता. मी म्हटलं, "नलू, सगळ्यांना खरं सांगून टाकतो."

"तोंड उघडलंत तर याद राखा! काकूंनी त्या माशाच्या तेलावर डोकं टेकवलंय. उपास धरतील महिनाभर."

आणि हळदीकुंकू? दारापासून जिन्यापर्यंत रांग! प्रत्येक बाईनं ती जुडी कपाळाला लावून घेतली. जोशीकाकूंनी तर दोन मागितल्या. स्टीलच्या वाट्या कुणाला आठवल्यासुद्धा नाहीत. नलूचा चेहरा असा फुलला होता, मी बघतच राहिलो. त्या होडीपेक्षाही जास्त भारावलो असेन.

चला, म्हटलं, निभावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपण काढायला गेलो. पहिली चौकट उचलतोय तोच राणे धावत आले.

"अहो, काय करताय? हात लावायचा नाही! कमिटीनं ठरवलंय. आता हे कायमचं."

"राणे, तुम्हीच म्हणाला होतात ना, कायमचं काही नको?"

"देवाच्या कामात असं बोलू नये," असं म्हणून त्यांनी पाइपांत सिमेंट ओतायला माणूस बोलावला.

पुढच्या थंडीत नलू मेथीचं बी घेऊन मागे गेली. काकूंनी तिला वाफ्यात पाय ठेवू दिला नाही. "चपला काढ, आणि पेरायचं-बिरायचं नाही इथे."

ती घरात आली, बियांची पुडी माझ्यापुढे आपटली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली,

"काढता येतं म्हणाला होतात ना? काढा की मग!"

ती जागा सोडून आम्ही बोरिवलीला आलो, तरी ते कुंपण तिथेच. टिकाऊ म्हणालो होतो ना!