चर्चा मंडळाची पत्रिका

आमच्या कॉलेजात मुलांना बोलायला जागा नव्हती, असं म्हटलं तर कुणाला खरं वाटणार नाही. कँटीन होतं, सायकल स्टँड होता, फाटकासमोर रसवंती होती, आणि सगळीकडे दिवसभर बडबड चालायची. पण एकानं प्रश्न विचारावा आणि दुसऱ्यानं त्याला उलटं बोलावं, तरी दोघांनी भांडू नये, असं ठिकाण कुठंच नव्हतं. वर्गात सर सांगायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. गॅदरिंगला मुलं नाटक करायची. मुली रांगोळी काढायच्या आणि पाहुण्यांपुढे स्वागतगीत म्हणायच्या.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती ती. एकदा अर्थशास्त्राच्या तासाला सहकाराचा धडा चालू होता. मुलींच्या बाकांवरून एकजण उठली आणि म्हणाली, "सर, सभासद जर मालक असतो, तर वार्षिक सभेत माईक फक्त स्टेजवरच का असतो?"

वर्ग हसला. सर म्हणाले, "हे परीक्षेला येत नाही. बसा."

ती बसली. मला मात्र तो तास संपेपर्यंत काही सुचलं नाही. मी भिंगारचा. वडील कॅम्पातल्या लष्करी डेपोत कामगार. आम्ही बौद्ध, आणि घरात बोलण्याला मोठा मान. आमच्या वस्तीत जयंतीला पोरंसोरं माईकवर चढून भाषणं ठोकायची. त्यामुळे "बसा" हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरायचं, अजूनही फिरतं.

चर्चा मंडळाची कल्पना तिची. मी नुसता वाचनालयात जाऊन म्हणालो, की तुमचा प्रश्न चांगला होता. आम्ही एकमेकांना अहो-जाहो करायचो, आणि तेही मराठीच्या मॅडम शेजारच्या टेबलावर बसलेल्या असतील तरच. ती म्हणाली, "प्रश्नांसाठी वेगळा तास पाहिजे. शनिवारी सकाळचं कॉलेज असतं. नंतर वर्ग रिकामेच असतात, आणि माझी गाडी दुपारची आहे."

ती नेवासा रस्त्यावरच्या एका गावातून एसटीनं येऊन-जाऊन करायची. घरची शेती होती, मोठं खटलं होतं, आणि त्या घरातली दहावीच्या पुढं शिकणारी ती पहिली मुलगी. तिला बी. ए. करून शिक्षिका व्हायचं होतं. वडिलांनी एकच अट घातली होती आणि ती तिनं आम्हाला पहिल्याच दिवशी सांगून टाकली. गावात तिच्याविषयी काही ऐकू आलं, तर त्या दिवशी कॉलेज बंद. चांगलं की वाईट, हा प्रश्नच नाही. ऐकूच येता कामा नये.

मॅडम मंडळाच्या मार्गदर्शक व्हायला लगेच तयार झाल्या. प्राचार्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "चर्चा म्हणजे नेमकं काय करणार?" मी म्हणालो, "बोलणार, सर." त्यांना ते आवडलं नाही. पण मॅडम सोबत होत्या, त्यामुळे राजकारणाचा विषय नको आणि रीतसर उद्घाटन झालं पाहिजे, एवढ्यावर परवानगी मिळाली. आमच्याकडे उद्घाटन झाल्याशिवाय पाण्याची टाकीसुद्धा भरत नाहीत, तिथं मंडळ कसं चालू होणार?

तोवर आम्ही शनिवारी बसायला लागलोच होतो. मुलं भरपूर यायची. काही ऐकायला, काही मुली येतात म्हणून. मुली मात्र दोनच, ती आणि तिच्याच गाडीनं येणारी तिची मैत्रीण. अध्यक्ष निवडताना कुणी दुसरं नावच घेतलं नाही. ती बोलायला लागली की मागच्या बाकावरचे टवाळसुद्धा पुढं सरकून बसायचे. सचिव मला केलं, कारण माझं अक्षर चांगलं आणि आवाज मोठा.

दोनच मुली येतात याचं तिला फार लागायचं. ती म्हणाली, "मुली चोरून येणार नाहीत, आणि येऊही नयेत. प्रत्येकीच्या घरी छापील पत्रिका गेली पाहिजे. वर प्राचार्यांचं नाव, पाहुण्यांचं नाव. एवढं दिसल्यावर कुणाचे वडील कशाला नाही म्हणतील?"

"आणि तुमचे?" मी विचारलं.

"त्यांना सगळ्यात आधी. ते आले आणि त्यांनी डोळ्यानं बघितलं, की मग गावातून काय ऐकायचं राहिलं?"

हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. नंतर पुष्कळांनी म्हटलं की पोरीनं घरापासून लपवलं. तिनं काहीही लपवलं नव्हतं. तिचा सगळा डाव उघड खेळण्याचा होता.

पत्रिका छापून आल्या. खाली एका बाजूला दोन ओळी होत्या. पहिल्या ओळीत तिचं नाव, आडनाव, अध्यक्ष. दुसऱ्या ओळीत माझं नाव, आडनाव, सचिव. मराठी विभागाच्या खोलीत आम्ही त्यांच्या घड्या घालून पत्ते लिहायला बसलो. तिनं डब्याच्या पिशवीतून कागदाच्या दोन पुड्या काढल्या, स्टीलच्या झाकणात हळद कालवली, कुंकू कालवलं, आणि प्रत्येक पत्रिकेच्या कोपऱ्यांना बोटं लावायला लागली. घरातल्या, भावकीतल्या सगळ्या लग्नांच्या पत्रिकांना बोटं लावायचं काम लहानपणापासून तिच्याकडेच असायचं, हे ती हसत सांगत होती.

"हे कशाला?" मी विचारलं.

"पहिलं कार्य आहे आपलं. कोरी पत्रिका कुणाच्या दारात जाऊ नये."

मॅडमही हसत हसत बोटं बुडवायला लागल्या. मग ती माझ्या घरच्या पत्रिकेशी थांबली. आमच्याकडे तसबिरीपुढे मेणबत्ती लागते, हळदकुंकू नाही, हे तिला माहीत होतं. "तुमच्या घरी चालतं का?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "लावा." त्या दुपारी आम्ही सगळे इतके खुशीत होतो, की तिनं शेंदूर फासला असता तरी मी हो म्हणालो असतो.

पत्रिका बुकपोस्टानं टाकल्या. म्हणजे पाकीट उघडं, आतलं कुणालाही काढून बघता येतं. सगळी मंडळं, पतसंस्था तसंच टाकायच्या. आमच्या घरची भिंगारला पोचली तेव्हा आईनं ते पिवळं-लाल बोट बघितलं आणि म्हणाली, "आपल्यात न्हाई लावत. पन लावलंय कुनी मायेनं, तर ऱ्हाऊ दे." तिनं पत्रिका तसबिरीच्या चौकटीत खोचून ठेवली आणि आल्यागेल्याला काढून दाखवली. मुलगा सचिव झाला होता.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारी तिची मैत्रीण एकटीच आली आणि तिनं व्हरांड्यात मॅडमना सगळं सांगितलं. मी चार पावलांवर उभा होतो.

त्यांच्या गावात पोस्टमन घरोघर जात नसे. स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर टपालाची थप्पी ठेवायचा, ज्याचं त्यानं उचलायचं. थप्पीत हळदीची पत्रिका दिसली. कुणीतरी नाव वाचलं, तिचं. त्याखाली एका मुलाचं. एवढ्यावर टपरी बोलायला लागली. तिचे वडील शेतातून येईपर्यंत दोघातिघांनी वाटेत त्यांना विचारलं होतं, "तात्या, पोरीचं जमवलं, आन् आमाला पत्ता न्हाई? पाव्हनं कुठलं?" मग कुणीतरी नीट वाचलं. लग्नाचं काही नाही हे कळलं, पण तोवर माझं आडनावही वाचून झालं होतं. आमच्या जिल्ह्यात आडनावावरून माणूस कळायला वेळ लागत नाही. मग पाहुणे कुठले, असं कुणी विचारेना. टपरी नुसती गप्प झाली. त्या गप्प होण्यानंच तिच्या वडिलांना घरी धाडलं.

मला तडक एसटी पकडून तिच्या गावाला जायचं होतं. प्राचार्यांच्या सहीचा कागद घेऊन टपरीवर उभं राहायचं आणि एकेकाला जाब विचारायचा. मॅडमनी माझा हात धरला. "तू फाट्यावर जरी उतरलास तरी तिचं उद्याच्या उद्या लग्न लावतील," त्या म्हणाल्या. त्या स्वतः गेल्या, एकट्या, रविवारी.

परत आल्यावर त्यांनी मला जे सांगितलं ते मला अजून शब्दान् शब्द आठवतं. वडिलांनी त्यांना आदरानं बसवलं होतं, चहा दिला होता. मॅडमनी पत्रिका उलगडून समजावायला सुरुवात केली, तेव्हा ते म्हणाले, "म्याडम, मला वाचता येतं. ह्यात लगनाचं काई न्हाई, ते मला कळतंय. पन गावानं वाचलंच न्हाई. गावानं हळद बघितली."

"मग तुम्ही गावाला सांगा."

"परत्येकाला कागुद वाचून दावत हिंडू का मी?"

"तिची काय चूक, ते तरी सांगा."

"तिची चूक न्हाई," ते म्हणाले. "चूक असती तर माफ केली असती."

मॅडम एवढंच मिळवून आल्या, की वर्षाच्या शेवटच्या परीक्षेला तिला बसू देतील. कॉलेजला येणं बंद. ती आतल्या खोलीत होती. बाहेर आली नाही, किंवा तिला येऊ दिलं नाही.

मी मंडळच बंद करा म्हणालो. प्राचार्य म्हणाले, "पाहुण्यांना तारीख दिली आहे." पाहुणे साखर कारखान्याचे संचालक होते. उद्घाटन झालं. नारळ फुटला, शाल-श्रीफळ झालं, पाहुणे तरुणांनी बोललं पाहिजे या विषयावर पाऊण तास बोलले. फलकावर अध्यक्षांच्या जागी पांढरा कागद चिकटवला होता. आभार माझ्याकडे होते. मी ठरवूनच गेलो होतो की तिचं नाव घ्यायचं, हे मंडळ कुणाचं आहे ते पाहुण्यांच्या तोंडावर सांगायचं. स्टेजच्या पायरीवर मॅडमनी मला थांबवलं. "घे नाव," त्या म्हणाल्या, "पण ते संध्याकाळपर्यंत त्या टपरीवर पोचेल, एवढं लक्षात ठेव." मी पाहुण्यांचे आभार मानले, मंडपवाल्याचे मानले, ध्वनिक्षेपकवाल्याचे मानले. बोलण्यासाठी काढलेल्या मंडळात मला पहिल्याच दिवशी तिच्यासाठी काही करता आलं ते इतकंच, की मी तिच्याविषयी बोललो नाही. त्या संतापावर मला अजून औषध सापडलेलं नाही.

मला मात्र कुणी काही विचारलं नाही. त्याच कागदावर माझं नाव होतं, त्याच हळदीचं बोट होतं. माझं कॉलेज चालू राहिलं, मी पुढं नोकरीला लागलो. मंडळही चालू राहिलं. तिची मैत्रीण यायची थांबली, दुसरी कुठलीच मुलगी आली नाही. शनिवारी आम्ही मुलंच मुलं बसून स्त्रीशिक्षणावर चर्चा करायचो. लोकांना हे सांगितलं की ते हसतात.

उन्हाळ्यात परीक्षा लागल्या. आमचा पेपर सकाळचा होता. मी लवकर लिहून बाहेर आलो, तर आवारातल्या कडुलिंबाखाली एक धोतर-टोपीवाले गृहस्थ उकिडवे बसले होते. मी पाणी प्यायला नळावर गेलो, तेव्हा त्यांनी मला हाक मारली. माझं नाव त्यांनी कुणाकडून विचारून घेतलं होतं, कुणास ठाऊक.

"तुमीच का ते सचिव?"

मी हो म्हणालो. मला वाटलं आता शिव्या बसतील, आणि खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या. मीही तयारीत होतो.

"चालू हाय का ते मंडळ?"

"आहे."

"तिथं ती बोलायची म्हनं. म्याडम म्हनल्या, लई चांगलं बोलायची. मी कंदी ऐकली न्हाई. घरात काय बोलती, व्हय आन् न्हाई. काय बोलायची ती?"

मग मी सांगायला लागलो. कालव्याच्या पाण्यावर एकदा चर्चा झाली होती. सगळी मुलं पाटबंधारे खात्याला शिव्या देत होती. ती उठली आणि म्हणाली, की माझे वडील म्हणतात, पाणी कमी नाही, वरचा माणूस त्याची पाण्याची पाळी संपल्यावरही चारीचं दार पाडत नाही, म्हणून खालच्याला पोचत नाही. खालचा बोलत नाही, कारण वरचा भावकीतला असतो. कुणीतरी विचारलं, मग उपाय काय? ती म्हणाली, "माझ्या वडिलांनी एकदा पंचायतीत उभं राहून हे सांगितलं. सगळं गाव विरोधात गेलं. ते बसले नाहीत. मला तसं बोलता आलं पाहिजे."

हे मी जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली.

"असं म्हनली?"

"सगळ्यांसमोर."

तेवढ्यात पेपर संपल्याची घंटा झाली आणि वर्गांची दारं उघडायला लागली. ते घाईनं उठले, टोपी घातली.

"तिचं लगीन ठरलंय," ते म्हणाले. "आता तुमी तिकडं व्हा जरा. ती भाईर यायची. आमच्याकडची मानसं हायेत फाटकावर, तुमी हितं दिसाया नको."

मी सायकल स्टँडच्या मागं गेलो. तिथून दिसलं, ती गर्दीतून एकटीच आली. वडिलांनी काही विचारलं नाही, तिनंही काही सांगितलं नाही. ते पुढं आणि ती मागं, अशी दोघं फाटकाकडे चालत गेली.