आठ दिवसांची पेशंट

आठ दिवसांत तुळजाबाई पौनीकरचा उजवा हात पाच वेळा मोडला, डोकं तीनदा फुटलं, पाय दोनदा मुरगळला आणि एकदा तर तिला सापही चावला. तरी रोज साडेअकरा वाजले की ती अंगावरच्या पट्ट्या झटकून उठायची आणि तीस पोरांची रांग घरी सोडायला गोळीबार चौकाकडे निघायची. पेशंट असावा तर असा!

ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. बालक मंदिरातल्या शिक्षिकांनी प्रथमोपचार शिकलेच पाहिजेत, असा हुकूम वरून आला. पाठोपाठ औषधपट्ट्यांची पांढरी पत्र्याची पेटी आली. मुख्याध्यापिका शोभाताईंनी ती लगोलग कपाटात घालून कुलूप लावलं. "परीक्षेत जी पास होईल, तिच्याच हाती किल्ली," त्यांनी जाहीर केलं. शिकवायला एक कंपाउंडर यायचा. पण पट्ट्या बांधायच्या कुणाला? शिक्षिकांना सतरंजीवर लोळायची लाज वाटे. मग काय, पोरांची ने-आण करणारी शाळेची दाई तुळजाबाई होतीच.

आता खरं सांगायचं तर त्या पेटीची गरज शाळेत कुणाला असेल तर ती तुळजाबाईलाच. पोरं काही शोभाताईंच्या ऑफिसात पडत नव्हती. ती पडायची रस्त्यात, नळाच्या ओट्यावर, घसरगुंडीखाली. आणि तिथं कोण असायचं? दिवाळीआधी एका पोरीची हनुवटी फुटली. तुळजाबाईनं मूठभर हळद दाबली, रक्त थांबेना, तेव्हा पदर दाबून ती पोरीला कडेवर घेऊन दवाखान्यात धावली. पोरगी बरी झाली, पण तिची आई म्हणाली, "तुमाले काईच येत नाई, तं पोरं काहून सांभाळता?"

तो बोल तुळजाबाईच्या मनात सलत राहिला. म्हणून तिनं धीर करून विचारलं, "ताई, मले बी बसू द्या ना परीक्षेले."

"अवं, चौथी शिकलेली तू. हा शिक्षिकांचा कोर्स आहे. तू पडून राहा, तेच मोठं काम."

पडली बिचारी. पण नुसती पडून राहील ती तुळजाबाई कसली! कंपाउंडर सांगायचा ते कानांनी ऐकलं आणि बाकीचं अंगावर शिकली. पट्टी आवळली की बोटांना मुंग्या येतात. मोडका हात गळ्यात अडकवायच्या झोळीची गाठ मानेच्या हाडावर बसली की जीव नकोसा होतो. शिवाय ती कोष्ट्याच्या घरची, तुटलेले धागे जोडण्यात बालपण गेलेलं. कोणती गाठ टिकेल आणि कोणती घसरेल, हे तिला न बघता कळायचं.

परीक्षेच्या दिवशी शहराच्या सदर भागातून डॉक्टर मधुकरराव आले. फौजेतून निवृत्त झालेले, आवाज असा की खिडकीवरची कबुतरं उडाली. पहिला नंबर शिक्षिका इंदूबाईंचा. पेशंट अर्थात तुळजाबाई, उजवा हात मोडलेला. इंदूबाईंनी फडकं घेतलं. झोळी बांधली, पण गाठ नेमकी मानेच्या हाडावर.

तुळजाबाईला राहवेना. ओठ न हलवता ती पुटपुटली, "बाई, हाडावर नोको. बाजूच्या खळग्यात घ्या. अन् नखं दाबून पाहा."

"थांबा!" डॉक्टर गरजले. "मोडलेला हात बोलतो कसा?"

शोभाताईंचा चेहरा पांढराफटक झाला. तुळजाबाईला वाटलं, परीक्षा राहिली बाजूला, आता नोकरीच जाते!

"चूक झाली, साहेब."

"चूक असती तर मी लक्ष दिलं नसतं. बरोबर सांगितलं, म्हणून पकडल्या गेल्या. उठा!"

ती उठली. आणि डॉक्टरांनी कोट काढून खुर्चीवर टाकला अन् ते चक्क सतरंजीवर आडवे झाले! "मी घसरगुंडीवरून पडलो. उजवा हात मोडला. चला, सुरू करा."

"अहो डॉक्टरसाहेब, ही दाई आहे," शोभाताई घाईघाईनं म्हणाल्या.

"आणि मी पेशंट आहे. आई गं! मेलो!"

परपुरुषाला, त्यातून एवढ्या मोठ्या माणसाला हात कसा लावायचा? क्षणभर ती घुटमळली. पण डॉक्टर पुन्हा कळवळले आणि तुळजाबाई सगळं विसरून गेली.

"उगी, उगी माह्या राजा," ती त्यांच्याजवळ बसत म्हणाली. "कुठी दुखून राहिलं? हात नोको हालवू. मी आहो ना."

इंदूबाईंनी तोंडात पदर कोंबला. दारातली पोरं खो खो हसली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. तिनं कापूस लावून लाकडी पट्टी बसवली, फडकी बांधली, डॉक्टरांना अलगद उठवून बसवलं, झोळी घातली, गाठ खळग्यात चपटी बसवली आणि नख दाबून सोडलं. ते पुन्हा गुलाबी झालं, म्हणजे रक्त नीट फिरत होतं.

"चहा पाज, बाई," डॉक्टर कण्हले.

"नाई. हाड बसवाले भूल द्या लागली तं? पोटात काई नाई द्याचं."

आता मात्र डॉक्टरांच्या मिशीत हसू मावेना. "अकरा शाळा पाहिल्या मी. हात सगळ्यांनी बांधला. पण कुठं दुखतं, हे कोणीच विचारलं नाही."

"मले बी आठ दिवसांत कोणी इचारलं नाई, साहेब," तुळजाबाई म्हणाली. "म्हणून मालूम हाये."

शिक्षिकांनी माना खाली घातल्या. डॉक्टरांनी प्रमाणपत्राचा कागद मागवला आणि त्यावर इंदूबाईंकडून तुळजाबाईचं पूर्ण नाव लिहून घेतलं.

"गाठ सोडू का, साहेब? सही करा लागन ना."

"मोडलेला हात पाच मिनिटांत जुळतो का?" म्हणत डॉक्टरांनी डाव्या हातात पेन धरलं आणि जीभ बाहेर काढून, पाटीवर पहिलं अक्षर गिरवणाऱ्या पोरासारखी, वाकडीतिकडी सही केली. मग गळ्यात झोळी तशीच ठेवून ते रिक्षात बसून सदरला गेले. शोभाताईंनी पेटीच्या कपाटाची किल्ली काढून तुळजाबाईच्या हातावर ठेवली.

प्रमाणपत्र पुढे कितीतरी वर्षं भिंतीवर होतं. शाळेत नव्यानं येणारी एखादी आई ती सही बघून विचारायचीच, "हे काय वं माय? पोरानं रेघोट्या मारल्या का?"

"नाई वं," तुळजाबाई ताठ मानेनं सांगायची, "माह्या पेशंटानं सही केली."