अर्थिंगची दुसरी वायर

बाबा गेले तेव्हा अर्धवट राहिलेला त्यांचा काचेच्या व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर मी यंदा पुरा केला. चालू केला, तर गाणं न लावताच स्पीकरमधून घूंऽऽ असा एकसुरी आवाज येऊ लागला. काम करताना बाबा ओठ मिटून असंच गुणगुणायचे.

चार दुपारी मी त्या आवाजाच्या मागे होतो. पलीकडच्या खोलीत आई मात्र गाढ झोपायची. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या फिलामेंटच्या दोन्ही वायरींना पीळ दिला, आवाज थोडा उतरला. हात जवळ नेला की वाढायचा, कुणी ओळखल्यासारखा.

शेवटी चूक सापडली. अर्थिंग एकाच जागी जोडायचं, बाबांनी ते दोन जागी जोडलं होतं. मग करंट मधल्यामध्ये फिरत राहतो आणि त्या फिरण्याचाच आवाज होतो. गेलेली माणसंही घरात अशीच फिरत असतील का, कोण जाणे.

बाबांच्या हातचं सोल्डर वितळवून मी दुसरी वायर सोडवली. घर एकदम गप्प झालं. व्हॉल्व्ह तेवढे तांबूस जळत होते.

आतून आईचा झोपाळू आवाज आला, "अहो, थांबलात का?"

मी ती वायर पुन्हा जोडली.